मोरिया : चुबुत खोऱ्यातील एका वेल्श प्रार्थनामंदिराचा इतिहास

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडे पसरलेल्या पातागोनिया या प्रदेशात, आर्जेन्टिनाच्या चुबुत प्रांतात, त्रेलेऊ नावाचे शहर आहे. या शहरानजीकच्या शेतवस्तीत एक साधे प्रार्थनामंदिर उभे असून त्याच्या लगत एक दफनभूमी आहे. मंदिराचे नाव मोरिया. ते १८८० साली बांधले गेले. त्रेलेऊची स्थापना १८८६ सालची. म्हणजे शहराहून मंदिर जुने आहे. दफनभूमीतील जुन्या शिळांवर जी नावे व जे लेख कोरलेले आढळतात, ते त्या देशाच्या स्पॅनिश भाषेत नसून सुमारे बारा हजार किलोमीटर दूर असलेल्या वेल्स देशाच्या भाषेत आहेत.

एखाद्या परक्या देशात जाऊन राहिलेल्या लोकांनी आपल्या धर्माचे मंदिर बांधावे, यात वरकरणी नवल नाही. परंतु मोरियाचा इतिहास केवळ धर्मनिष्ठेचा इतिहास नव्हे. ज्या लोकांनी हे मंदिर उभारले, त्यांनी मायदेश सोडला तो प्रामुख्याने आपली भाषा टिकविण्यासाठी. आणि ती टिकविण्याचे त्यांचे मुख्य साधन म्हणजे हे मंदिर व त्यातील मंडळी. या साधनाने आपले कार्य कितपत केले आणि ते करताना त्याचे स्वतःचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी एका भेदाचा निर्देश करणे अगत्याचे आहे. मराठी ख्रिस्ती समाजात 'मंडळी' हा शब्द उपासकांच्या समुदायाला उद्देशून वापरतात. इमारत निराळी व मंडळी निराळी. वेल्श परंपरेतही हा भेद कटाक्षाने पाळला जातो. इमारतीवाचून मंडळी असू शकते; चुबुत खोऱ्यात आरंभीची कित्येक वर्षे ती तशीच होती. मंडळीवाचून इमारतही असू शकते, याचा अनुभव त्या खोऱ्याला पुढे आला.

देशत्यागाची कारणे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेल्समधील बहुसंख्य लोक वेल्श भाषा बोलत. राज्यकारभाराची, न्यायालयांची व प्रतिष्ठेची भाषा मात्र इंग्रजी होती. धर्माच्या क्षेत्रातही अशीच फूट पडलेली होती. राजमान्य चर्च अँग्लिकन पंथाचे होते. परंतु सामान्य जनतेचा मोठा भाग त्यापासून फुटून निघालेल्या स्वतंत्र पंथांच्या प्रार्थनामंदिरांत जात असे. इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट व कॅल्व्हिनपंथी मेथडिस्ट हे त्यांतील प्रमुख पंथ होत. या मंदिरांतील उपदेश, प्रार्थना व गायन वेल्श भाषेतच चाले. शिवाय रविवारच्या शाळांतून लहानथोर सर्वांना वेल्श वाचावयास शिकवीत. बायबलचे संपूर्ण वेल्श भाषांतर १५८८ सालीच प्रसिद्ध झालेले असल्यामुळे या शाळांना पाठ्यग्रंथाची उणीव नव्हती. अशा रीतीने शासनाने जे शिक्षण दिले नाही ते मंदिराने दिले, आणि जनतेच्या मनात धर्म व भाषा यांची गाठ घट्ट बसली.

१८४७ साली वेल्समधील शिक्षणाच्या स्थितीविषयी एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात वेल्श भाषा ही प्रगतीच्या आड येणारी आहे असे मत व्यक्त केले होते, आणि स्वतंत्र पंथीयांच्या नीतिमत्तेवरही दोषारोप केले होते. चौकशी करणारे आयुक्त वेल्श भाषा जाणत नव्हते. या अहवालाने देशभर क्षोभ माजला व त्याची सल पुढे कित्येक पिढ्या राहिली.

याच सुमारास हजारो वेल्श लोक उदरनिर्वाहासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जात होते. ओहायो, पेनसिल्व्हानिया, विस्कॉन्सिन इत्यादी राज्यांत त्यांनी वस्त्या केल्या व तेथे आपल्या भाषेतील प्रार्थनामंदिरेही बांधली. मायकेल डी. जोन्स (१८२२–१८९८) या तरुण धर्मोपदेशकांनी या वस्त्या प्रत्यक्ष पाहिल्या. तेथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पहिली पिढी मंदिरात वेल्श बोले. दुसरी पिढी शाळेत व बाजारात इंग्रजी बोले. आणि तिसऱ्या पिढीसाठी मंदिराचीच भाषा बदलावी लागे. केवळ मंदिर बांधल्याने भाषा टिकत नाही. मंदिराभोवती शेत, बाजार, शाळा व न्यायसभा हीही त्याच भाषेची असली पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे बाला येथील इंडिपेंडंट पंथाच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाल्यावर त्यांनी या विचाराचा हिरिरीने प्रसार केला. जेथे इंग्रजी भाषा पोहोचलेली नाही अशा दूरच्या प्रदेशात स्वतंत्र वेल्श वसाहत स्थापावी, अशी ही योजना होती.

भूमी व जल

योजनेसाठी पातागोनियाची निवड झाली. लुइस जोन्स व कॅप्टन लव्ह जोन्स-पॅरी या दोघांनी १८६२–६३ मध्ये त्या प्रदेशाची पाहणी केली. आर्जेन्टिनाचे गृहमंत्री गियेर्मो रॉसन यांनी वसाहतीस उत्तेजन दिले. या उत्तेजनामागे त्या शासनाचाही हेतू होता. पातागोनियावर आर्जेन्टिनाचा हक्क सांगितला जात असला तरी तेथे त्याची वस्ती नव्हती. वसाहतीमुळे तो हक्क बळकट होणार होता. त्या भूमीवर पूर्वीपासून तेहुएल्चे हे भटके शिकारी लोक वावरत होते, त्यांना मात्र या व्यवहारात कोणी विचारले नाही.

२८ मे १८६५ रोजी 'मिमोझा' हे जहाज लिव्हरपूल बंदरातून निघाले. जहाजावर स्त्रीपुरुष व मुले मिळून सुमारे दीडशे प्रवासी होते. २८ जुलै रोजी ते पातागोनियाच्या किनाऱ्यास, ज्या जागी आज पुएर्तो माद्रिन हे बंदर आहे तेथे, पोहोचले. प्रवाशांपैकी पुष्कळजण कोळशाच्या खाणींच्या मुलखातील कामगार होते; शेती जाणणारे थोडे होते. जहाजावर तीन धर्मोपदेशकही होते. त्यांतील एक अब्राहम मॅथ्यूज (१८३२–१८९९) हे बाला येथील महाविद्यालयात मायकेल डी. जोन्स यांच्या हाताखाली शिकलेले असून दक्षिण वेल्समधील ॲबरडेअरच्या परिसरात मंडळीचे पाळक होते. मोरियाच्या इतिहासात त्यांचेच नाव प्रथम घ्यावे लागते.

बंदरापासून चुबुत नदीचे खोरे सुमारे साठ किलोमीटर दक्षिणेस होते. मधली भूमी रुक्ष व निर्जल होती. नदीच्या मुखाजवळ वसाहतकऱ्यांनी १८६५ च्या सप्टेंबरात पहिले गाव वसविले व मंत्र्यांच्या नावावरून त्याचे नाव रॉसन ठेविले. उपासनेसाठी वेगळी इमारत नव्हती. जे छप्पर मिळेल त्याखाली लोक रविवारी जमत. या खोऱ्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे २०० मिलिमीटर. वेल्ससारख्या पावसाळी देशातून आलेल्या लोकांना अशा भूमीत पीक कसे घ्यावे हे उमगेना. पहिली पिके करपून गेली. शासनाकडून धान्य येई त्यावर व तेहुएल्चे लोकांशी होणाऱ्या देवघेवीवर गुजराण चाले. भाकरी देऊन त्या बदल्यात मांस घेणे, घोडा व शिकारीची साधने वापरण्याची विद्या त्यांच्याकडून शिकणे, असा हा व्यवहार होता.

१८६७ च्या आरंभी वसाहत मोडून अन्यत्र जाण्याचा विचार इतका पक्का झाला की लोक खोरे सोडून बंदराकडे निघाले. शासनाशी बोलणी होऊन आणखी एक वर्ष धीर धरण्याचे अखेर ठरले व लोक परत फिरले. त्यांना वळविण्यात मॅथ्यूज यांचा वाटा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एरन जेंकिन्स व त्यांची पत्नी रेचल यांनी नदीचे पाणी चर खणून आपल्या सुकलेल्या शेतात सोडले आणि पीक तरारले. नदीची पातळी चढली असता तिचे पाणी कडेच्या भूमीवर सहज नेता येते, ही गोष्ट साधी होती. परंतु वसाहतीचे जीवित तीवर अवलंबून होते.

मोरियाची स्थापना

पाटाच्या या शोधामुळे वस्तीचे स्वरूपच पालटले. आरंभी सर्व लोक रॉसन येथे एकत्र राहत होते. पाणी देता येऊ लागल्यावर कुटुंबे खोऱ्यात वर वर सरकू लागली. १८७४ पासून वेल्समधून व अमेरिकेतूनही नव्या वसाहतकऱ्यांच्या तुकड्या आल्या. नवे लोक आणण्यासाठी मॅथ्यूज स्वतः परदेशी गेले होते व त्याच वर्षी परतले. गायमान हे गाव १८७४ साली वसले. १८७५ मध्ये शासनाने जमिनीचे हक्कपत्र दिल्यावर शेते कायमची झाली. प्रत्येक कुटुंबाची जमीन विस्तीर्ण असल्यामुळे घरे एकमेकांपासून दूरदूर पडली. अशा स्थितीत रॉसनच्या उपासनेस दर रविवारी जाणे अशक्य होऊ लागले.

म्हणून जेथे कालवा गेला तेथे शेत, जेथे शेत तेथे घर, आणि जेथे काही घरे झाली तेथे प्रार्थनामंदिर, असा क्रम पडला. या खोऱ्यात कालांतराने तीसहून अधिक मंदिरे झाली. त्यांची संख्या भक्तीच्या अतिरेकामुळे वाढली असे मानणे योग्य होणार नाही. घोड्यावरून वा गाडीतून सकाळी जाऊन सायंकाळपर्यंत परत येता येईल एवढ्या अंतरावर मंदिर असावे, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. पंथभेदांचे प्रमाणही मायदेशाच्या मानाने कमी झाले. मनुष्यबळ थोडे असल्यामुळे निरनिराळ्या पंथांचे लोक एकाच छपराखाली येऊ लागले.

१८८० साली बांधलेले मोरिया हे या मालिकेतील आज उभ्या असलेल्या मंदिरांत सर्वांत जुने मानले जाते. त्याची उभारणी अब्राहम मॅथ्यूज यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्याच वर्षी गायमान येथेही बेथेल नावाचे मंदिर झाले. नावे बायबलमधील आहेत. मोरिया हा अब्राहामाच्या कथेतील डोंगर. त्याच डोंगरावर पुढे शलमोनाने यरुशलेमेतील मंदिर बांधले असे जुन्या करारात सांगितले आहे. बेथेल, सियोन, सालेम, बेथेस्दा ही नावेही अशीच आहेत. वेल्समधील गावोगावच्या मंदिरांना हीच नावे असल्यामुळे वसाहतकऱ्यांना ती परदेशी ग्रंथातील न वाटता आपल्या गावाकडचीच वाटत.

बांधणी अगदी साधी आहे. या खोऱ्यातील बहुतेक मंदिरांप्रमाणे ही एक लांबट, उतरत्या छपराची खोली होय. मनोरा नाही, मूर्ती नाही, रंगीत काचांतील चित्रे नाहीत. आतील रचना उपदेश ऐकण्यास सोयीची असते. समोर व्यासपीठ असते. त्याच्या पायथ्याशी मंडळीच्या वडीलधाऱ्या सेवकांचे आसन असते, त्यास वेल्श भाषेत 'मोठे आसन' म्हणतात. उरलेल्या जागेत बाकांच्या रांगा असतात. वेदीऐवजी व्यासपीठ मध्यस्थानी असणे हे या पंथांचे मर्म आहे. कारण त्यांच्या उपासनेचा गाभा विधी हा नसून शब्द हा आहे. आणि शब्द म्हटला की तो कोणत्या भाषेतील, हा प्रश्न आपोआपच उपस्थित होतो.

मंडळीचा कारभार

इंडिपेंडंट पंथाच्या तत्त्वानुसार प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. तिच्यावर बिशपाची वा अन्य कोणाची सत्ता नसते. पाळकाची निवड, सेवकांची नेमणूक, खर्चाचा हिशेब, सभासदांतील तंट्यांचा निवाडा हे सर्व मंडळी स्वतःच्या सभेत करते. ज्या वसाहतीने आरंभीची सुमारे वीस वर्षे आपला नागरी कारभारही स्वतःच पाहिला व अठरा वर्षांवरील स्त्रीपुरुषांना मताचा अधिकार दिला, तिच्या सभासदांना सभेत बसून निर्णय करण्याची सवय मंडळीतच लागलेली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कालव्यांची देखभाल, पाण्याच्या पाळ्या व १८८५ साली स्थापन झालेली सहकारी व्यापारी संस्था यांचे काम पाहणारी माणसे बहुधा रविवारी मोठ्या आसनावर बसणारीच असत.

रविवारची शाळा ही मंडळीची दुसरी बाजू. ही शाळा केवळ मुलांची नव्हे. वयानुसार वर्ग पाडून आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण तीत बसत; बायबलातील उतारा मोठ्याने वाचीत, त्याच्या अर्थाची चर्चा करीत, शंका विचारीत. त्यामुळे घरी बोलली जाणारी भाषा लिखित व प्रौढ रूपात प्रत्येकाच्या परिचयाची राही. केवळ बोलण्यात उरलेली भाषा एकदोन पिढ्यांत क्षीण होते. वाचनाची जोड असलेली भाषा अधिक काळ तग धरते. या दृष्टीने रविवारच्या शाळेचे कार्य उपदेशाहूनही महत्त्वाचे मानावे लागेल.

तिसरी बाजू गायनाची. वेल्श मंडळीत स्तोत्रे चार निरनिराळ्या स्वरभागांत एकाच वेळी गातात. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीऐवजी 'टॉनिक सोल-फा' ही अक्षरांची स्वरलिपी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्समध्ये सर्वत्र पसरली. आपल्या सरगमाची कल्पना असलेल्या वाचकास तिचे तत्त्व समजणे अवघड नाही. आपला षड्ज जसा गायकाच्या सोयीनुसार कोणत्याही पट्टीत धरता येतो व बाकीचे स्वर त्याच्या अनुरोधाने येतात, तशीच या पद्धतीतील 'डो' या आद्य स्वराची योजना आहे. महागडे वाद्य नसले तरी शेतकऱ्यांच्या मंडळीला या पद्धतीने चौपदरी गायन साधत असे. निरनिराळ्या मंदिरांतील लोक एकत्र जमून स्तोत्रे गातात अशा मेळाव्यास 'कमान्वा' म्हणतात. तो आजही भरतो.

मंदिरालगतच्या खोलीत सभा, काव्यस्पर्धा, वक्तृत्व, चहापान असे कार्यक्रम होत. 'आइस्तेदवोद' या वेल्श साहित्य-संगीत स्पर्धांच्या प्रथेला वसाहतीत याच खोल्यांतून पोषण मिळाले. २८ जुलै हा आगमनदिन आजही मंदिरांत चहापान करून पाळतात.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही मंडळी आपल्या लोकांपुरती होती. वेल्समधीलच मेथडिस्ट धर्मोपदेशक १८४१ पासून भारतात, आज मेघालयात असलेल्या खासी टेकड्यांत, कार्य करू लागले. तेथे ते स्वतः खासी भाषा शिकले व तिला त्यांनी रोमन लिपी दिली. चुबुतमध्ये उद्देशच वेगळा होता. तेथे दुसऱ्यांची भाषा शिकून धर्म पसरवावयाचा नव्हता, तर धर्माच्या आश्रयाने आपली भाषा राखावयाची होती. तेहुएल्चे लोकांशी वसाहतकऱ्यांचे संबंध सामान्यतः सलोख्याचे राहिले. १८७८ नंतर आर्जेन्टिनाच्या सैन्याने मूळ रहिवाशांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा त्यांना दयेने वागवावे अशी विनंतीही वसाहतीतून करण्यात आली. परंतु मोहीम थांबली नाही, आणि तेहुएल्चे ज्या भूमीवर फिरत त्या भूमीवर ही मंदिरे उभी राहिली, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

राज्यसत्ता व पूर

१८८५ साली चुबुत प्रदेशावर आर्जेन्टिनाचा पहिला राज्यपाल नेमला गेला व वसाहतीचे स्वयंशासन प्रत्यक्षात संपुष्टात आले. त्यानंतर भाषेचे एकेक आश्रयस्थान शासनाकडे जाऊ लागले. न्यायालयांची व कचेऱ्यांची भाषा स्पॅनिश झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळांतही स्पॅनिश हेच शिक्षणाचे माध्यम झाले.

मंडळीशी शासनाचा प्रत्यक्ष संघर्ष झाला तो रविवारच्या प्रश्नावरून. तरुणांनी रविवारी लष्करी कवाईत करावी असा हुकूम निघाला. शासनाच्या दृष्टीने रविवार हा सुटीचा, म्हणून सोयीचा दिवस. मंडळीच्या दृष्टीने तो उपासनेचा व वाचनाचा एकमेव दिवस. कवाईत स्पॅनिश भाषेत होई हे निराळेच. या प्रश्नाने वसाहत इतकी अस्वस्थ झाली की १८९९ साली तिच्या वतीने तक्रार लंडनपर्यंत नेण्यात आली. ज्या राज्याच्या भाषेपासून दूर राहण्यासाठी हे लोक आले होते त्याच राज्याकडे त्यांना दाद मागावी लागली, यातच त्यांची कोंडी दिसून येते.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये चुबुत नदीला महापूर आला. घरे, धान्य व कित्येक मंदिरे वाहून गेली. ज्या पाण्याने वसाहत जगविली त्यानेच ती उद्ध्वस्त केली. १८९९ हेच वर्ष अब्राहम मॅथ्यूज यांच्या निधनाचे. पूर येण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, त्यांना मोरियाच्या दफनभूमीत पुरण्यात आले होते. वसाहतीचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून १८९४ साली प्रसिद्ध केला होता. १९०४ साली निवर्तलेले लुइस जोन्स यांचेही दफन मोरियातच झाले. 'मिमोझा'वरील प्रवाशांपैकी इतरही काहीजण तेथे आहेत. १९०२ मध्ये दोनशेहून अधिक लोक खोरे सोडून कॅनडातील सस्कॅचेवान येथे गेले. राहिलेल्यांनी वाहून गेलेली मंदिरे पुन्हा बांधली. गायमानचे मोठे बेथेल मंदिर १९१४ मधील आहे.

भाषेचा पेच

१९११ नंतर वेल्समधून लोकांची मोठी तुकडी आली नाही. पहिल्या महायुद्धाने संबंध तोडले. खोऱ्यात इटालियन, स्पॅनिश व इतर लोकांची वस्ती वाढली, मिश्रविवाह होऊ लागले. १९३० नंतरच्या मंदीत सहकारी व्यापारी संस्था बुडाली. कालव्यांचा कारभारही पुढे शासनाकडे गेला. शेत, बाजार, शाळा व न्यायसभा या ज्या चार भिंती मायकेल डी. जोन्स यांनी मंदिराभोवती कल्पिल्या होत्या त्या अशा रीतीने पडल्या आणि मंदिर एकटे उरले. ज्या स्थितीतून सुटण्यासाठी वसाहत स्थापन झाली होती, तीच स्थिती दोन पिढ्या उशिराने येऊन ठेपली.

येथे मंडळीपुढे कठीण पेच उभा राहिला. उपासना वेल्शमध्येच चालू ठेवावी, तर तरुणांना ती समजेना. ते मागे मागे बसत आणि अखेर येईनासे होत. स्पॅनिशमध्ये करावी, तर वृद्धांच्या दृष्टीने मंदिराचे प्रयोजनच संपे. शिवाय स्पॅनिशमध्ये उपासना करणारी दुसरी चर्चे जवळच होती, मग याच मंदिरात का यावे या प्रश्नास उत्तर नव्हते. वेल्श भाषेतून उपदेश करणारे पाळकही मिळेनासे झाले. निरनिराळ्या मंडळ्यांनी निरनिराळे मार्ग पत्करले. काहींनी दोन्ही भाषांचा अवलंब केला. काही ठिकाणी उपदेश स्पॅनिशमध्ये व स्तोत्रे वेल्शमध्ये असा विभाग पडला. काही मंदिरे बंद झाली.

स्तोत्रे सर्वांत शेवटपर्यंत वेल्शमध्ये राहिली, ही गोष्ट विचारार्ह आहे. उपदेश समजावा लागतो. गाणे पाठ असले की पुरते. भाषा जेव्हा व्यवहारातून उठते तेव्हा ती प्रथम संभाषणातून, मग वाचनातून व शेवटी गायनातून जाते, असा अनुभव अन्यत्रही येतो. परंतु चुबुतमध्ये हे गायन शेवटची पायरी न ठरता पुढे पुनरारंभाचा दुवा ठरले.

आजची स्थिती

१९६५ साली वसाहतीची शताब्दी साजरी झाली. त्या निमित्ताने वेल्समधून पाहुण्यांची मोठी तुकडी आली व अनेक दशके तुटलेला संबंध पुन्हा जुळला. खंडित झालेली चुबुतची आइस्तेदवोद त्या वर्षापासून पुन्हा भरू लागली. १९९७ पासून वेल्समधून भाषाशिक्षक नियमितपणे चुबुतमध्ये पाठविण्याची योजना सुरू झाली. पुढे त्रेलेऊ, गायमान व अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेले त्रेवेलिन येथे स्पॅनिश व वेल्श या दोन्ही भाषांतून शिकविणाऱ्या शाळा निघाल्या. त्रेलेऊ येथील शाळा २००६ सालची आहे, त्रेवेलिनची २०१६ सालची. या शाळांत शिकणाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज वेल्श नव्हते. पुराचे भयही उरले नाही; चुबुत नदीवरील फ्लोरेन्तिनो आमेघिनो धरण १९६३ साली पुरे झाले आहे.

मंदिरांत मात्र पूर्वीची गर्दी परतलेली नाही. पुष्कळ मंदिरांत दर रविवारी उपासना होत नाही. आगमनदिन, स्तोत्रगायनाचा मेळावा, एखादा विवाह वा अंत्यविधी या प्रसंगी दारे उघडतात. त्या दिवशी बाकांवर बसणाऱ्यांपैकी काही श्रद्धेने येतात, काही पूर्वजांच्या स्मरणार्थ, तर काही शाळेत शिकलेली भाषा समूहाने उच्चारण्याची संधी म्हणून. मंदिरांची डागडुजीही या सर्वांच्या आस्थेवर अवलंबून असते.

मोरियाच्या इतिहासाचे तात्पर्य या ठिकाणी स्पष्ट होते. १८८० साली मंडळीने मंदिर बांधले ते भाषेला घर मिळावे म्हणून. इतर आश्रय एकेक करून नाहीसे झाल्यावर या घराने ती भाषा, अपुऱ्या व क्षीण रूपात का होईना, तीन पिढ्या सांभाळली. आता भाषेस शाळेचा नवा आश्रय मिळाला असून जुने घर तिच्या आधाराने उभे आहे. मायकेल डी. जोन्स यांचा निष्कर्ष, एकट्या मंदिराने भाषा टिकत नाही हा, चुबुतच्या इतिहासाने खोटा ठरविलेला नाही. परंतु भाषा पुन्हा हाती धरण्यास कोणी पुढे येईपर्यंत ती जपून ठेवण्याचे सामर्थ्य अशा मंदिरात असते, एवढी दुरुस्ती त्या निष्कर्षास सुचविता येईल. मोरियाच्या दफनभूमीतील जुने लेख वाचू शकणारी मुले आज त्रेलेऊत आहेत. १९५० च्या सुमारास तसे भाकीत करण्यास फारसे कोणी धजले नसते.